फौजदारसाहेब चेहरे वाचतात

१

क्रूसाच्या सणाला दोन दिवस उरले असताना पाद्री निकोदिमोस यांनी देवळातली जुनी लाकडी पेटी उघडली, तळातून तांबडं फडकं बाहेर काढलं, गाठ सोडली आणि आतून निघाला एक नीट घडी घातलेला वेदीवरचा रुमाल. चांदीचा क्रूस नाही. दोनशे वर्षं आमच्या पेत्रोनिसी बेटावर असलेला, वर्षातून एकदाच बाहेर निघणारा क्रूस गेला, आणि त्याच्या जागी रुमाल!

पाद्रीबाबा मटकन खालीच बसले. देऊळ झाडणाऱ्या मारिगोमावशीने असा टाहो फोडला की बंदरावरची माणसं हातातली जाळी टाकून वर धावत आली. मी तिथेच होते, कारण सणाआधी चांदी घासायला मलाच बोलावतात. छत्तीस वर्षं या बेटावरच्या पोरांना भाषा शिकवली आणि निवृत्त झाल्यावर मान मिळाला तो हा.

मग आले आमचे नवे फौजदार, लाझारोस. वय अठ्ठावीस, मुक्काम पोस्ट उत्तरेकडचं कुठलंसं गाव, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बोटीतून उतरलेले. बूट इतके चकचकीत की बघणाऱ्याला आपलीच लाज वाटावी.

"कुणी हलू नका," ते दारातूनच म्हणाले. "मला चेहरे बघू द्या."

"आधी पेटी बघा," मी म्हटलं. "कुलूप फोडलेलं नाही. फडक्याला गाठ होती तशीच मारलेली आहे. आत फुगवटा राहावा म्हणून रुमाल घडी करून ठेवलाय. हे चोराचं काम वाटतं का तुम्हाला? चोर घड्या घालत बसतो का?"

"बाई," फौजदार हसले, "पेटी बोलत नाही. चेहरा बोलतो."

आणि खरंच त्यांनी पेटीत डोकावूनही पाहिलं नाही. दारात जमलेल्या चाळीसेक माणसांच्या नाकांकडे, भुवयांकडे, कानांकडे बघत ते एकेकासमोरून गेले. माझ्यासमोर थांबून म्हणाले, "हनुवटी हट्टी आहे." मी कपाळावर हात मारून घेतला.

सण आम्ही लाकडी क्रूसावर उरकला. त्यानंतर तीन दिवसांनी, बुधवारी दुपारी, फौजदारांनी आमच्या सुताराला, स्तामातिसला, त्याच्या कामाच्या जागेतून उचललं.

२

गुरुवारी सकाळी मी चौकीवर गेले. जाण्याआधी ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. तो निश्चय कॉफी येईपर्यंत टिकला.

"पुरावा काय?" मी विचारलं.

फौजदारांनी टेबलाच्या खणातून एक पिवळं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर एका माणसाचं डोकं, त्यावर जमिनीच्या नकाशासारखे भाग पाडलेले. अथेन्सच्या स्टेशनाबाहेर फुटपाथवर घेतलेलं, असं त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

"फिसिओग्नोमोनिया!" ते म्हणाले. "आपल्याच पूर्वजांचं शास्त्र. तुम्ही भाषेच्या बाई, तुम्हाला मी काय सांगणार? चेहऱ्यावरून माणूस ओळखणं. हे बघा, पान एकोणीस. 'जुळलेल्या भुवया, मोडकं नाक, डोळ्यांपर्यंत चढलेली दाट काळी दाढी: चौर्यवृत्ती.' आता सांगा, स्तामातिस यात बसतो की नाही?"

"लाझारोस, तुम्ही शाळेत शब्द फोडायला शिकलात का?"

"म्हणजे?"

"हा शब्द फोडा. पहिला तुकडा काय? फिसिस. म्हणजे जे आतून उगवतं ते, माणसाचा पिंड. दुसरा तुकडा ग्नोमोन. म्हणजे जाणणारा, तपासून मग निवाडा करणारा. दोन्ही जोडले की झालं पिंड जाणणं. आता मला या शब्दात चेहरा दाखवा."

ते पुस्तकाकडे बघत राहिले.

"दाखवा ना! कुठे आहे? नाक कुठे आहे? भुवया कुठे आहेत? ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी त्यात चेहरा घातलाच नाही हो. जाणणारा घातला. पुढे लोक आळशी झाले. पिंड जाणायला वर्षं जातात, थोबाड बघायला क्षण पुरतो, म्हणून थोबाडच बघायला लागले. आणि आता तर आपण नुसत्या चेहरेपट्टीलाच हा शब्द वापरतो. जाणणारा बिचारा शब्दात बसलाय तसाच, त्याला कुणी विचारत नाही!"

"बाई, रागावू नका. माझ्याकडे साक्षीदारही आहे."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. फौजदारांनी कागद उलगडला आणि एखादं प्रवचन वाचावं तसं वाचून दाखवलं.

"'सहा ऑगस्ट, येशूच्या रूपांतराचा सण. संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर मी देवळाच्या अंगणात द्राक्षांच्या रिकाम्या टोपल्या उचलत होतो. बाजूच्या दारातून सुतार स्तामातिस बाहेर पडला. त्या दिवशी तो गायकांच्या आसनांची दुरुस्ती करत होता. त्याच्या कोटाखाली काहीतरी लांबट होतं. दारावरच्या दिव्याखाली तो क्षणभर थांबला आणि मी त्याचा चेहरा स्पष्ट पाहिला. दाढीत लाकडाचा भुसा अडकलेला होता. मला बघून त्याने मान फिरवली.' खाली सही आहे."

"कुणाची?"

फौजदारांनी कागद माझ्याकडे फिरवला. सही होती आन्थिमोसची.

आन्थिमोस म्हणजे आमच्या देवळातला गायक. गोरापान, शांत, रुंद कपाळाचा. वीस वर्षांपूर्वी देवळाच्या भिंती रंगवायला चित्रकार आला होता, त्याने संत योहानाचं चित्र काढताना आन्थिमोसलाच समोर बसवलं होतं. आजही बायका त्या चित्रापुढे मेणबत्ती लावतात आणि मग वळून आन्थिमोसलाही हात जोडतात.

"उद्या दुपारच्या बोटीने मी आरोपीला मोठ्या बेटावरच्या तुरुंगात पाठवतोय," फौजदार म्हणाले. "अशा चेहऱ्याने साक्ष दिली आणि तशा चेहऱ्याविरुद्ध दिली. आणखी काय पाहिजे, बाई?"

३

कोठडी म्हणजे चौकीमागची जुनी कांद्याची खोली. स्तामातिस उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला होता. दाढी रानासारखी माजलेली, नाक लहानपणी नावेचं लाकूड लागून मोडलेलं, भुवयांच्या मध्ये बोट ठेवायला जागा नाही. खरं सांगायचं तर अंधाऱ्या बोळात समोर आला असता तर मीही रस्ता बदलला असता.

"काय रे, क्रूस घेतलास का?"

"नाही, बाई."

"मग फौजदाराला तसं सांगत का नाहीस?"

"सांगितलं. तो पुस्तकात बघत होता."

"अरे, मग ओरड, भांड, काहीतरी कर! असा दगडासारखा बसलास तर कोण विश्वास ठेवणार?"

"ओरडलो असतो तर म्हणाला असता, बघा, रागीट आहे." तो जमिनीकडेच बघत होता. "तुम्हीसुद्धा मला सहा वर्षं मागच्या बाकावर बसवलंत, बाई. काही केलं नव्हतं मी. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, तू मागे जा."

मला हे आठवत नव्हतं. आणि हे असं मी केलं नसेन असंही म्हणवेना. कुणाचा जास्त राग आला ते सांगत नाही, पण त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"बाई," तो मग म्हणाला, "तुरुंगाचं काही नाही. पण रविवारी बाबांना जाऊन चाळीस दिवस होतात, त्यांचा चाळिसावा आहे. मी एकुलता एक. प्रसादाचं ताट घेऊन देवळात मीच उभं राहायला पाहिजे. मी नसलो तर आई एकटी..."

मी बाहेर पडले तेव्हा देवळाच्या घड्याळात दहा वाजले होते. बोट सुटायला सव्वीस तास होते.

४

पाद्रीबाबा अंगणात अंजिरं वाळत घालत होते.

"पेटीची किल्ली कुठे असते?" मी विचारलं.

"गळ्यात. झोपतानाही गळ्यात."

"गेल्या वर्षभरात कुणाला दिलीत?"

"कुणालाही नाही. देवाशपथ."

"मग आन्थिमोस म्हणतो त्याप्रमाणे सहा ऑगस्टला स्तामातिसने पेटी उघडली कशी?"

"सुतार आहे तो. सुताराला कुलूप म्हणजे काय!"

"पाद्रीबाबा, कुलुपावर ओरखडासुद्धा नाही. नीट आठवा. द्राक्षांना आशीर्वाद द्यायला तुम्ही बाहेर अंगणात उभे होतात. पाणी शिंपडायचं चांदीचं भांडं याच पेटीत असतं. ते कुणी आणून दिलं?"

"आन्थिमोसने."

"किल्लीशिवाय?"

"किल्ली घेऊन, अर्थात. मी एवढा झगा घालून कुठे आत जाऊ?"

"आत्ता म्हणालात कुणाला दिली नाही!"

पाद्रीबाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच मूर्ख आहे. "पोलिक्सेनीबाई, मी म्हटलं कुणाला दिली नाही. आन्थिमोस म्हणजे काय कुणी आहे? तो आन्थिमोस आहे!"

हात टेकले. एक अंजीर उचललं आणि देवळात गेले.

मारिगोमावशी एका डोळ्याने अधू, जिभेने मात्र ठणठणीत. ती फरशी पुसत होती आणि फरशीलाच शिव्या देत होती.

"मीही त्या फौजदाराच्या पुस्तकात आहे, कळलं का बाई? पान बत्तीस! 'एका डोळ्याने बघणारी स्त्री कपटी असते.' मेल्याला म्हटलं, दुसरा डोळा तुझ्या बापाने फोडला का? चुलीतली ठिणगी उडाली होती!"

"मावशी, ऑगस्टपासून देवळात काही वेगळं वाटलं का?"

"वेगळं काय? कामं तीच, गुडघे तेच." ती पोछा पिळत विचार करू लागली. "आन्थिमोस तेवढा सोवळा झालाय. आधी त्याचं पुस्तकं ठेवायचं मेज मीच पुसायची, आतून, बाहेरून. महिना झाला, खालच्या कप्प्याला हात लावू देत नाही. म्हणतो, मावशी, स्वरांची पानं विस्कटतात. तीस वर्षं नाही विस्कटली ती?"

तेवढ्यात आन्थिमोस स्वतःच आत आला. मागच्या भिंतीवर संत योहान, पुढे आन्थिमोस, चेहरा तोच. मी त्याला सरळच विचारलं, साक्ष खरी का?

"बाई, मी जे पाहिलं तेच सांगितलं," तो हळुवार म्हणाला. "माझं काळीज तुटतं. त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला मीच गायलो. पण देवाच्या घरी खोटं कसं बोलू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं पाणी होतं ते की मी घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडचिड करत होते. मेजाचा कप्पा, किल्ली, सगळं ठीक आहे, पण यातलं एकही फौजदाराला पटणार नव्हतं. मेजाला नाक नसतं ना!

५

संध्याकाळी स्तामातिसच्या आईकडे, झांबेताकडे गेले. ती दारात बसून मांडीवरच्या ताटात गहू निवडत होती. चाळिसाव्याला गहू उकडून त्यात साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घालून प्रसाद करतात, त्यासाठीचे.

"झांबेता, अगं, तो नसला तर..."

"नसला तरी गहू निवडायला लागतातच." ती मान वर न करता खडे वेचत राहिली. "आज सदतिसावा दिवस, बाई. शनिवारी गहू उकडायचे. रविवारी देवळातून आलं की न्हावी घरी येणार, दाढी उतरवायला. मनोलीला सांगूनही ठेवलंय. माझ्या पोराची दाढी किती कडक, बापाला आवडायची नाही. रोज म्हणायचे, स्तामातिस, कर रे दाढी, सुतार आहेस का डाकू? आणि आता त्यांच्यासाठीच वाढवायला लागली बघा."

मी उठून उभी राहिले.

"काय झालं, बाई?"

"कितवा दिवस म्हणालीस आज?"

"सदतिसावा. तेरा ऑगस्टला गेले ते. मरियेच्या सणाच्या दोन दिवस आधी. सणाला व्हायोलिनसुद्धा वाजलं नाही, तुम्ही होतात की."

होते. मी होते, पाद्रीबाबा होते, सगळं बेट होतं. आणि सगळ्या बेटाची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! मी तशीच न्हाव्याच्या दुकानात गेले. मनोली दुकान बंद करत होता.

"मनोली, रूपांतराच्या सणाच्या आदल्या दिवशी स्तामातिस आला होता का तुझ्याकडे?"

"त्या दिवशी कोण नव्हतं आलं, बाई? सणाच्या आधी सगळेच येतात. याची दाढी करताना वस्तऱ्याची धार गेली, म्हणून मी पैसे जास्त मागितले आणि आमचं भांडण झालं. का?"

"उद्या सकाळी नऊला देवळात ये. वस्तरा नको आणूस, तोंड आण."

६

शुक्रवारी नऊ वाजता बोट बंदराला लागलेली होती. फौजदार बेडी हातात घेऊनच देवळात आले, कारण इथून सरळ चौकीवर आणि तिथून बंदरावर जायचं होतं. पाद्रीबाबा, मारिगोमावशी, मनोली आणि आपल्या मेजामागे आन्थिमोस. मी फौजदारांना साक्षीचा कागद मोठ्याने वाचायला लावला.

"'...दाढीत लाकडाचा भुसा अडकलेला होता.'"

"थांबा," मी म्हटलं. "फौजदारसाहेब, तुम्ही या बेटावर कधी आलात?"

"पंचवीस ऑगस्टला."

"स्तामातिसला तुम्ही दाढीशिवाय कधी पाहिलंय?"

"नाही. त्याचा चेहराच तसा..."

"तसा नाही हो! तुमच्याकडे बाप मेल्यावर मुलगा काय करतो?"

"चाळीस दिवस दाढी करत नाही. ते सगळीकडेच..." ते थांबले.

"स्तामातिसचा बाप कधी मेला? तेरा ऑगस्टला. साक्ष कुठल्या दिवसाची? सहा ऑगस्टची. त्या दिवशी त्याचा बाप जिवंत होता, घरी जाताना स्वतःच्या पायाने चढ चढला. आणि आदल्या दिवशी या मनोलीने स्तामातिसची दाढी घोटून केली होती. मग भुसा कशात अडकला? हवेत?"

मनोलीने मान डोलावली आणि वस्तऱ्याच्या धारेची तक्रार पुन्हा एकदा सांगितली.

"साक्षीदाराचा दिवस चुकला असेल," फौजदार पुटपुटले.

"द्राक्षांच्या टोपल्या आहेत ना साक्षीत? द्राक्षं वर्षातून एकदाच येतात इथे. आसनांची दुरुस्तीही त्याच एका दिवशी झाली. दिवस चुकलेला नाही. चेहरा चुकलाय. ज्याने स्तामातिसला त्या संध्याकाळी पाहिलंच नाही, त्याने रोज समोर दिसणारा आत्ताचा चेहरा उचलला आणि सहा ऑगस्टला चिकटवला. आणि तुम्ही! तुम्ही माणसाच्या तोंडावरचा सुतकाचा काळोख पाहिलात आणि त्याला त्याचा पिंड समजलात. पान एकोणीस!"

फौजदारांचे कान लाल झाले. त्यांनी हळूच आन्थिमोसकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. त्याचा चेहरा जसाच्या तसा होता, शांत, उजळ. हात तेवढे मेजावर घट्ट दाबलेले होते.

"पेटीची किल्ली वर्षात एकदाच पाद्रीबाबांच्या गळ्यातून निघाली," मी म्हटलं. "सहा ऑगस्टला. ती आन्थिमोसकडे होती. घडी घालून रुमाल ठेवायला, तीच गाठ पुन्हा मारायला देवळातलंच माणूस लागतं. आणि त्या दिवसापासून मारिगोमावशीला हे मेज पुसायची बंदी आहे. फौजदारसाहेब, खालचा कप्पा उघडा."

"नको," आन्थिमोस म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला.

कप्प्यात स्वरांची पुस्तकं होती, त्यांच्यामागे एक जुना झगा आणि झग्यात क्रूस. उजवा हात मुळातून तुटलेला. तो तुकडाही शेजारीच नीट कागदात गुंडाळून ठेवलेला होता.

"हातातून निसटला," आन्थिमोस म्हणाला. "भांडं काढताना फडकं ओढलं गेलं आणि तो फरशीवर... मला वाटलं गुपचूप जोडून घेईन. मोठ्या बेटावरच्या सोनाराकडे नेईन. मग सण आला."

"अरे, मग सांगायचं ना! तुटला तर तुटला! वस्तू तुटतात!"

"कुणाला सांगू, बाई?" तो आता रडत होता, आणि या वेळी रडणं सुंदर दिसत नव्हतं. "सगळे माझ्याकडे त्या भिंतीकडे बघावं तसं बघतात. वीस वर्षं. बायको जेवायला वाढतानासुद्धा हळू बोलते. मी चुकलो असं आयुष्यात कुणाला सांगितलंच नाही मी. मला ते कसं सांगतात तेच माहीत नाही."

"आणि स्तामातिसचं नाव घेणं बरं जमलं?"

"फौजदारसाहेबांनी विचारलं, त्या दिवशी इथे आणखी कोण होतं. मी त्याचं नाव घेतलं. ते म्हणाले, मला वाटलंच होतं. बाकीचं मग आपोआप आलं."

मारिगोमावशीने हातातला पोछा त्याच्या अंगावर फेकला. मी तिला अडवलं नाही.

७

स्तामातिस सुटला. आन्थिमोस त्याच कांद्याच्या खोलीत गेला. बोट रिकामीच परत गेली. गोष्ट इथे संपायला हवी होती आणि मला दोन दिवस निवांत झोप मिळायला हवी होती. पण नाही.

शनिवारी दुपारी पाद्रीबाबा झांबेताच्या दारात डोकं धरून बसले. उद्याच्या चाळिसाव्याला गाणार कोण? पाद्रीबाबांचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. बेटावर दुसरा गायक नाही, शेजारच्या बेटावरून बोलवावा तर मंगळवारपर्यंत बोट नाही. आणि मृताचं स्तोत्र गायलंच नाही तर तो चाळिसावा कसला? झांबेता साखर चाळता चाळता थांबली.

स्तामातिस उठला आणि चौकीकडे चालू लागला. मी मागे धावले. या वयात, त्या चढावर!

"फौजदारसाहेब," तो म्हणाला, "उद्या एक तास आन्थिमोसला सोडा."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. पिवळं पुस्तक टेबलावर दिसत नव्हतं. "का?"

"बाबांसाठी गायला."

मी अक्षरशः ओरडले. "अरे, त्याने तुला तुरुंगात घातलं असतं! बापाचा चाळिसावा चुकवला असता तुझा! त्याचं तोंड तरी बघवेल का तुला?"

"तोंड बघायला कुठे मागतोय मी, बाई?" स्तामातिस म्हणाला. "त्याचा आवाज पाहिजे. बाबांना त्याचा आवाज फार आवडायचा."

रविवारी आन्थिमोस मेजामागे उभा राहिला. शेजारी फौजदार. देऊळ खच्चून भरलेलं आणि कुणाचीही त्याच्याकडे मान वर नाही. झांबेताच्या गव्हाच्या ताटावर मेणबत्ती लागली. स्तामातिसने ते दोन्ही हातांनी धरलं.

मग आन्थिमोसने 'अनंतकाळ आठवण राहो' सुरू केलं. पहिल्या शब्दाला आवाज घोगरा लागला, दुसऱ्याला सावरला. आणि मग तो लबाड असा गायला, असा गायला, की वीस वर्षांत कधी गायला नव्हता. मी त्याच्यावर नीट रागावायचं ठरवून आले होते. रुमाल शोधायला लागले तर रुमालही नव्हता. फौजदारांनी आपला पुढे केला.

स्तामातिस माझ्यापासून चार हातांवर होता. त्याच्या हातातलं ताट हलत होतं, गव्हाचे दाणे कडेने खाली पडत होते. पुढे होऊन मी एका बाजूने ताटाला हात लावला आणि स्तोत्र संपेपर्यंत तसंच धरून उभी राहिले.